अप्पांची स्वीडनी मशाल

दुष्काळाच्या वर्षी मी माझ्या खोलीच्या माळ्यावर चार डबे पाणी लपवून ठेवले होते. तीस वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट मी कोणाजवळ बोललो नाही, बायकोजवळही नाही. चार डबे पाणी म्हणजे काही दरोडा नव्हे, अशी समजूत मी स्वतःची पुष्कळदा घातली. परंतु त्या पाण्यामुळे एका माणसाचा स्वतःच्या कानावरचा विश्वास गेला, आणि तो जात असताना मी स्वच्छ आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून त्याच्या शेजारी उभा होतो. त्या माणसाविषयी लिहायचे तर हे आधी सांगणे भाग आहे. नाहीतर पुढचे सगळे कौतुक खोटे ठरेल.

त्यांना सारे गाव अप्पा म्हणे. उदगीरच्या बाजूला एका बाजारगावात त्यांची लाकडाची वखार होती. वखारीला लागून आरा मशीन, आणि मशीनच्या मागे पत्र्याची एक खोली. त्या खोलीत मी भाड्याने राहत होतो. मी मूळचा देगलूरचा. कचेरीत कारकून म्हणून नुकताच लागलो होतो, आणि कोणत्या गावाला टँकर कधी जायचा याचे कागद माझ्या टेबलावर असत. त्यामुळे विशीतच मला लोक उठून नमस्कार करू लागले होते. अप्पांनी मात्र पहिल्या दिवशी माझ्याकडे नीट न्याहाळून पाहिले आणि बायकोला सांगितले, "पोरगं चांगलं हाय. पर ओलं हाय अजून."

त्या वर्षी अख्खा मुलूख ओलाव्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसला होता, आणि हा एकच माणूस 'ओला' हा शब्द शिवीसारखा वापरत होता. त्यांच्या लेखी जगात दोनच जाती होत्या, ओली आणि वाळलेली. ओला जावई, ओला पुढारी, ओली बातमी. वाळलेला हा त्यांचा सर्वांत मोठा किताब. तो त्यांनी गावात फार तर चार जणांना दिला असेल, आणि त्यांतले दोघे वारलेले होते.

कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अंगात बिनबाह्यांची बंडी, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरावर सुपारीएवढा घट्टा. तो घट्टा हाच त्यांचा धंदा होता. लाकूड कितपत वाळले आहे हे ते त्या पेराने ठोकून सांगत. ठोकायचे, डोळे मिटायचे, थोडे थांबायचे. "वाळलेलं जवाब देतं," ते म्हणत, "ओलं गप ऱ्हातं." ही सवय वखारीपुरती राहिली नव्हती. ते दारे ठोकत, देवळाचे खांब ठोकत, लोकांच्या घरी गेले की चहा येईपर्यंत पाट ठोकत. कचेरीत नवे फर्निचर आले तेव्हा माझ्या वरिष्ठांच्या देखत त्यांनी खुर्ची ठोकली आणि हळहळून म्हणाले, "पाऊस पडला की ही फुगंल. मग साहेबाला उठता यायचं न्हाई." वरिष्ठांनी ते मनाला लावून घेतले, पुढे महिनाभर ते खुर्चीवरून अधूनमधून उठून पाहत.

वखारीतला एक कोपरा स्मशानाच्या लाकडासाठी राखलेला होता. अप्पांच्या समाजात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. म्हणजे ज्या लाकडाची त्यांच्या घराला कधी गरज पडणार नव्हती, त्याचीच ते सर्वांत जास्त निगा राखत. कोणाकडे मयत झाली की ते स्वतः उठत आणि एकेक ओंडका ठोकून बाजूला काढत. तेवढ्या वेळात वखारीत कोणी बोलायचे नाही. एका बड्या घरचा मुलगा घाईत होता. म्हणाला, कोणतंही द्या अप्पा, आता काय फरक पडतो. अप्पांचा हात थांबला.

"तुमच्या बापाच्या डोळ्यात जिंदगीत कोणी धूर जाऊ दिला न्हाई," ते म्हणाले. "आता म्या घालू का?"

गावात कोणीही वारले तरी त्याचे लाकूड अप्पांच्या कानाखालून गेलेले असे. याचा त्यांना मनातून फार अभिमान होता. दुसरा कसलाही अभिमान मला त्यांच्यात दिसला नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवाच झाला होता. पाट्यांवरचे उस्मानाबाद पुसून लातूर लिहिण्याची धांदल चालली होती, आणि रंग पातळ असल्यामुळे जुना जिल्हा नव्या जिल्ह्याखालून डोकावत होता. आमचे गाव जिल्ह्याचे ठिकाण नव्हते, तरीही न्हाव्याच्या पाटीवर 'जिल्हा' हा शब्द आला, मग बँडवाल्याच्या पाटीवर आला, मग भजीवाल्याच्या. पाणी आठ दिवसांतून एकदा येई, पण स्वागत समिती दर आठवड्याला बसे. अप्पांचे मत एकच होते. "जिल्हा कापलाय बराबर. आता त्याला वाळू तर द्या."

स्वीडनची मशाल गावात आली ती या दुष्काळामुळेच. कूपनलिका खोदायला एक मोठे यंत्र आले आणि यंत्रासोबत स्वीडन देशाचा एक उंच, लालबुंद मेकॅनिक आला. त्याने तीन ठिकाणी खोदले. तिन्ही ठिकाणी नारळ फुटला, हार पडला आणि आतून पांढरी धूळ निघाली. संध्याकाळी तो डाकबंगल्याच्या आवारात आपला चहा आपण करी. त्यासाठी तो बाभळीचा हातभर ओंडका उभा ठेवी, वरून खाली उभ्या चिरा पाडी, तळ तेवढा सोडी, आणि माथ्यावर विस्तव लावी. ओंडका आतल्या आत, वरून खाली, शांतपणे जळत जाई, आणि त्याच्याच माथ्यावर किटली बसे. लाकूड पोचवायला गेलेले अप्पा ते पाहून तिथेच उकिडवे बसले, ते ओंडका संपेपर्यंत उठले नाहीत. दोघांना एकमेकांचे अक्षरही कळत नव्हते. पण अप्पांनी ओंडका ठोकला, त्या गोऱ्या माणसानेही ठोकला, आणि दोघेही एकदम हसले. पाणी काढायला आलेला माणूस आमच्या गावाला विस्तव देऊन निघून गेला.

घरी येऊन अप्पांनी मला अर्धा तास समजावले. "उभं ऱ्हाऊन जळतं, भाऊसाहेब. धूर न्हाई, पसारा न्हाई. आमचा माणूस बी बसूनच जातो की. आडवं पाडून जाळायचं, ते लाकडाला तरी कुठं बरं वाटत असंल."

दुसऱ्या आठवड्यात वखारीवर पाटी लागली: 'स्वीडनी मशाल मिळेल. उभी जळते. धूर नाही. ठोकून घ्यावी.' त्यांच्या पत्नीला सगळे अव्वा म्हणत. त्या पाटीकडे पाहून अव्वा म्हणाल्या की दुसऱ्यांच्या नवऱ्यांनी दारात टँकर आणला, आमच्यानं स्वीडन आणलं.

गिऱ्हाईक यायला तयार नव्हते. उन्हाने भाजून निघालेल्या गावात हा माणूस विस्तव विकायला बसला होता. राखणीला शेतात मशाल बरी, असे ते शेतकऱ्यांना सांगत. शेतकरी विचारत, राखायचं काय? एका वधूपित्याने मात्र हौसेने वरातीसाठी एक घेतली. ती चौकात उभी करून पेटवली, उत्तम पेटली, वरात तिथपर्यंत आली आणि थांबली, कारण मशाल काही वरातीबरोबर चालेना. नवरदेवाच्या मामाने जाब विचारला. अप्पा शांतपणे म्हणाले, "घाई तुमाला हाय. उजेडाला न्हाई."

तीन महिन्यांत तीन मशाली खपल्या. अप्पा ढिम्म होते. लाकूड वाळायला चार वर्षे लागतात, मग माणसाला पटायला तीन महिने काय पुरणार, असे ते म्हणत.

अशात स्वागत समितीने ठरवले की नव्या जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांना हुरडा खायला बोलवायचे. दुष्काळात हुरडा कुठला, असे कोणी विचारले नाही. एका सदस्याच्या विहिरीला थोडे पाणी होते, त्यावर अर्धा एकर ज्वारी हिरवी राखली होती. ती दाखवण्याजोगी एकच होती म्हणून तीच दाखवायची ठरले. साहेबांच्या जीपची धूळ उडू नये म्हणून रस्त्यावर पाणी मारण्याचेही ठरले. समितीच्या अध्यक्षांना अप्पांची मशाल आठवली. हुरड्याची आगटी नेहमीप्रमाणे जमिनीत होईलच, पण भोवती पाच स्वीडनी मशाली उभ्या केल्या तर जिल्ह्याला शोभेल. साहेबांना पसंत पडल्या तर प्रत्येक तालुक्याच्या समारंभाला मागवता येतील. अप्पांना मागणीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा आनंद झाला होता. "मोठा माणूस ठोकून बगंल," ते मला म्हणाले.

त्यांनी बाभळीचे जुन्यातले जुने पाच ओंडके निवडले, स्वतः चिरा पाडल्या, आणि ते पाचही ओंडके माझ्या खोलीत आणून उभे केले. वखारीत दव पडते, माझ्या खोलीत पत्रा आहे, कुलूप आहे. "तुमच्या जिम्म्यावर," असे म्हणून ते गेले. त्यांनी माळ्याकडे पाहिले नाही. माळ्यावर, गोणपाटाखाली, एका टँकर ड्रायव्हरने मर्जी राखण्यासाठी पोचवलेले पाण्याचे चार डबे होते. अप्पांच्या घरात सहा माणसे दोन घागरींवर दिवस काढत होती, आणि अव्वा त्यातलाही एक तांब्या रोज माझ्या दारात ठेवत होत्या. तो मी घेत होतो.

त्यानंतर सहा दिवस मी टँकरबरोबर खेड्यांत फिरतीवर होतो. हुरड्याच्या दिवशी पहाटे परत आलो, कुलूप काढले, आणि खोलीत मातीचा वास आला. दोन डब्यांचे सांधे सुटले होते. पाणी फळीवरून ओघळत सहा दिवस थेंबाथेंबाने त्या पाच ओंडक्यांवर पडले होते, आणि उभ्या चिरांनी ते अलगद पोटात घेतले होते. वरून साल कोरडी होती. चिरेत बोट घातले तर बोट ओले होत होते.

त्या क्षणी मी अप्पांच्या दाराशी गेलो असतो तर संध्याकाळच्या आत दुसरे पाच ओंडके तयार झाले असते. मशीन दहा पावलांवर होते. मी गेलो नाही. पाणी कुठून आले हे सांगावे लागले असते, मग डबे सांगावे लागले असते, मग ड्रायव्हर, मग नोकरी. मी पंच्याने चिरा पुसल्या. जमिनीवर सतरंजी टाकली. उरलेल्या दोन डब्यांचा पुरावा कसा नाहीसा करावा, हा प्रश्न होता. तो मी आंघोळ करून सोडवला. डोक्यावरून, सावकाश, साबण लावून. दोन महिन्यांतली ती माझी पहिली पुरती आंघोळ होती. ती मला आवडली, हेही लिहून ठेवतो.

दुपारी अप्पा आले. पहिला ओंडका ठोकला, डोळे मिटले, आणि मिटलेलेच ठेवले. पुन्हा ठोकला. मग दुसरा, मग तिसरा. त्यांच्या कपाळावरची विभूती आठ्यांत मोडली.

"आवाज बदललाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी साधेपणाने, "भाऊसाहेब, तुमी ऐका जरा. तुमाला कसा वाटतो?"

मी वाकून ओंडका ठोकला. माझ्या पेराला काही कळण्याचा प्रश्नच नव्हता, पण त्या दिवशी मला सर्व काही माहीत होते.

"नेहमीसारखाच आहे, अप्पा," मी म्हणालो.

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिले आणि मान डोलावली. शिकलेल्या माणसाचा शब्द होता. त्यांनी तो आपल्या कानाच्या वर ठेवला.

दिवस मावळताना साहेब आले. अध्यक्षांचे भाषण झाले. अप्पांनी धुतलेले धोतर नेसले होते, कारण अव्वांनी त्यासाठी घरातले पाणी वाचवले होते. त्यांनी पाचही मशालींच्या माथ्यावर भुसा आणि रॉकेलची चिंधी ठेवून काडी ओढली. ज्वाळा वर आल्या, टाळ्या झाल्या. मग आतून सूं सूं असा आवाज सुरू झाला. चिरांतून पांढरा फेस बाहेर आला, ज्वाळा बसल्या, आणि पाच तोंडांनी निघालेला धूर वाऱ्याने नेमका साहेबांच्या खुर्चीकडे गेला. साहेबांनी रुमालाने डोळे पुसले, फेसाकडे पाहिले आणि म्हणाले, "या जिल्ह्यात पाणी नाही, असं मला कोणी सांगितलं?"

सगळे हसले. अध्यक्ष हसले, सदस्य हसले, ड्रायव्हर लोक हसले. मीही हसलो, थोडा मोठ्यानेच.

अप्पा गुडघ्यांवर बसले होते. फेसात बोट बुडवून त्यांनी वास घेतला. हे झाडाचे पाणी नव्हे, अशी शंका त्यांना आलीच असणार. पण अशा साली लाकडावर पाणी कोण ओतील? माणसाला प्यायला नाही तिथे ओंडक्याला कोण पाजील? हा विचार गावातल्या कोणाच्याही मनात येणे शक्य नव्हते, आणि अप्पांच्या तर नाहीच. म्हणजे निवडतानाच लाकूड ओले होते आणि कानाने ते वाळलेले ठरवले; उरला तो एकच गुन्हेगार. त्यांनी उजव्या हाताने आपला कान धरला, जसा मास्तर मुलाचा धरतो, आणि म्हणाले, "म्हातारा झाला हा."

लोकांनी त्यांचे नाव 'स्वीडन' ठेवले. ते त्यांनी सहन केले असते. पण पंधरा दिवसांनी एका घरची मयत झाली आणि माणूस लाकडाला आला, तेव्हा अप्पांनी त्याला दुसऱ्या वखारीचा पत्ता दिला. म्हणाले, आता माझ्या कानाचा जिम्मा मी घेत नाही. वखारीतला तो कोपरा त्यांनी मोकळा करून टाकला.

पुढच्या महिन्यात त्यांनी मला नांदेडला सोबत यायची विनंती केली; तिथे कानाचे डॉक्टर होते. मी गेलो. नाही म्हणायला कारण नव्हते, आणि हो म्हणायला तोंड नव्हते. डॉक्टरांनी धातूचा चिमटा वाजवून कानाजवळ धरला. अप्पा म्हणाले, लोखंडातलं मला काय समजतं, लाकूड वाजवा. डॉक्टरांनी हसून आपले टेबल ठोकले. अप्पांनी डोळे मिटले. "वर सागवानाचा पापुद्रा हाय. आत भुसा." ते टेबल डॉक्टरांनी अस्सल सागवानाचे म्हणून घेतले होते. डॉक्टरांनी वाकून टेबलाची खालची बाजू पाहिली आणि मग म्हणाले, "काका, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत."

बाहेर आल्यावर अप्पा म्हणाले, डॉक्टर भला माणूस आहे, वयाकडे बघून बोलला. परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. कंधार मागे पडल्यावर त्यांनी विचारले, "भाऊसाहेब, खरं सांगा. त्या दिवशी तुमाला नेहमीसारखाच वाटला आवाज?"

एवढी सरळ संधी देवही फार वेळा देत नसेल. माझ्या समोरच्या सीटवर कोणीतरी नाव कोरले होते. मी ते वाचत राहिलो.

"हो, अप्पा," मी म्हणालो.

वर्षभरात माझी बदली झाली. मी बढत्या घेतल्या, लातूर-नांदेड करत राहिलो, दिवाळीला अप्पांना शुभेच्छांचे पत्र पाठवत राहिलो. कचेरीत माझी ख्याती मृदू बोलणारा माणूस अशी होती. ती मृदुता नव्हती. मोठ्याने बोललो तर ते बाहेर पडेल, या भीतीने बसलेला तो आवाज होता.

मागच्या वर्षी चाकूरला एका लग्नात अप्पांचा मुलगा भेटला. वखार आता तोच बघतो. अप्पा ऐंशीच्या पुढे गेले आहेत, असे तो म्हणाला. बोलता बोलता त्याने सहज सांगितले की अजूनही नवे लाकूड उतरले की अप्पा काठी टेकत येतात, हात पुढे करतात, आणि न ठोकताच मागे घेतात.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. अप्पा वखारीच्या ओट्यावर बसले होते, फार लहान झालेले. समोर हमाल ट्रक रिकामा करत होते, गल्लीतल्या बाया नळाच्या रांगेत होत्या. अप्पांनी मला ओळखले, हात धरून शेजारी बसवले. मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि वाटेत शंभर वेळा घोकलेले हळू आवाजात सांगितले.

"काय?" ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितले. ते माझ्या ओठांकडे पाहत राहिले. आतून सून म्हणाली, "काका, मोठ्यानं बोला. दोन वर्षं झाली, मामंजींना हळू बोललेलं बिलकुल ऐकू येत न्हाई."

मी तिसऱ्यांदा जरा आवाज चढवला. हमालांनी मागे वळून पाहिले. मी थांबलो. अप्पांनी माझ्या मांडीवर थापटले. "बोला की मोकळं," ते म्हणाले. "हितं कोणापासून काय झाकायचंय?"

मग मी उठून उभा राहिलो. रांगेतल्या बाया माझ्याकडे पाहत होत्या, अप्पांचा मुलगा मशीन बंद करून दारात आला होता, आणि मी आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो तेवढ्या मोठ्याने ओरडलो:

"अप्पा, आवाज बदलला होता! तुम्ही बरोबर ऐकलं होतं. पाणी माझं होतं, मी ते चोरून ठेवलं होतं, ते लाकडात मुरलं आणि मला सकाळीच कळलं होतं. मी दोनदा खोटं बोललो. तुमच्या कानाची काही चूक नव्हती, अप्पा. चूक माझी होती. मला माफ करा."